हात जोडले होते ते कशासाठी

मला एका दमात पान लिहिता येत नाही. दोन ओळी लिहायच्या, पेन ठेवायचं, नाकातली नळी नीट करायची, मग पुढे. त्यामुळे हे वाचताना तुटक वाटलं तर तो माझ्या फुफ्फुसांचा दोष समजावा.

ज्यांच्या घरात कोपऱ्यात ऑक्सिजनची मशीन घुरघुरत असते आणि तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून टीव्ही मोठा लावलेला असतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरी माहिती माझ्याकडे नाही. ती हवी असेल तर कोणत्याही नातेवाइकाला फोन करा, तासभर सांगतील.

वजनकाटा

विहाराच्या पायऱ्या चढताना मला धाप लागायची. वय झालं, असं सगळे म्हणत, मीही म्हणे. मग बसल्या जागी लागायला लागली, तेव्हा मिलिंद, माझा मुलगा, मला शहरात, धंतोलीतल्या फुफ्फुसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

फोटो झाले, फुंका मारून झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी ते उजेडाकडे धरले, माझ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे पाहिलं आणि सिस्टरला म्हणाले, "आजींचं वजन घ्या जरा."

माझं वजन तासाभरापूर्वीच घेतलं होतं. पण मी मुकाट गेले. काट्यावर उभी राहिले, उतरले, परत आले तो केबिनचं दार बंद. बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी चंद्रपूरकडचं एक कुटुंब होतं. त्यांचा म्हातारा माझ्यासारखाच बाहेर बसवलेला आणि त्याचा मुलगा दुसऱ्या कुठल्या तरी केबिनमध्ये आत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या रोगांची चर्चा आत चालली होती आणि आम्ही दोघं चपला सांभाळत होतो.

आता माझी नोकरी सांगायला हवी. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडून द्यायची. बंद दारापलीकडचं ऐकणं हा माझा धंदाच होता. "आक्रसत चालली आहेत," डॉक्टरांचा आवाज. "झालं ते परत भरून येत नाही. वेग कमी करता येतो." मग मिलिंदचा आवाज, लहानपणी पडून आला की यायचा तसा: "आईले सांगू नका, डॉक्टरसाहेब."

बाहेर आला तो हसत आला. "काही नाही वं. ॲलर्जी आहे. धुळीची."

"हाव ना," मी म्हटलं. "आपल्या हुडकेश्वरले धूळ आहेच बापा लय."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात धुळीचं नाटक सुरू झालं. सून प्रज्ञा दिवसातून दोनदा ओला पोछा मारायची. वरणाला फोडणी बंद. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नव्या बसवल्या. एवढ्या प्रेमानं कोणी खोटं बोलत असेल तर ते उघडं पाडायला जीव होत नाही. मीही शिंक आली की म्हणायची, "पाहा, धूळ." शिंका मात्र खऱ्या होत्या.

ती बया

थोडं तिच्याबद्दल सांगते, म्हणजे बावीस वर्षांच्या मी-बद्दल. नायलॉनची साडी, दोन वेण्या, कानाला हेडफोन. आपण रजेवर गेलो तर विदर्भ मुका होईल अशी तिची खात्री होती. कोणी नवरा-बायको लाइनवर भांडायला लागले की ही त्यांच्याच भल्यासाठी मधूनच लाइन तोडायची. दुसऱ्यासाठी काय चांगलं, ते हिला त्याच्याआधी समजायचं.

आणि कँटीनमध्ये चहा पिताना ही जाहीर करायची, की माणसानं पन्नाशीच्या पुढे जगूच नये. सुरकुत्या पडायच्या आत उठून जावं, लोकांनी हळहळावं. आता भेटली ना, तर माझी नळी तिच्या नाकात खुपसून म्हणेन, घे, बोल आता.

लग्न झालं, पोर झालं, पण खोड गेली नाही. भाजी कोणी टाकली, ओला टॉवेल पलंगावर पडला, की माझं ठरलेलं: "मी मेली म्हणजे समजन तुम्हाले." मिलिंद माझ्या मरणाच्या धमक्यांवरच वाढला. त्याचे बाबा शांतपणे पेपर वाचत. ते मात्र काही न सांगता, जेवून उठताना गेले. मी धमक्या देत बसले आणि माणूस निघूनही गेला.

याचा परिणाम पुढे भोगावा लागला. मी खरोखर मरणाचं बोलायला लागले तेव्हा घरात कोणी मान वर करून पाहिलं नाही.

आतल्या खोलीत

धुळीचं नाटक चालू असतानाच त्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. धंतोलीपर्यंतचं थोडं आठवतं, पुढचं नाही. जाग आली तेव्हा घशात नळी होती, मशीन माझ्याऐवजी श्वास घेत होती आणि दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. पेशंट अर्धवट शुद्धीत नळी उपसतात म्हणून बांधतात. नंतर समजलं. तेव्हा वाटलं, मी काही चोरी केली का?

तिथे सकाळ-संध्याकाळ नसते, पांढरा उजेड असतो. पुसून काढतात, कूस बदलतात, पाठ थोपटतात. अंगावरून वाकून सिस्टर लोक आपसात सुट्टीचं बोलतात. कोणाला रविवार मिळाला, कोणाला नाही. मला त्या गप्पांचा मोठा आधार होता. जगात रविवार अजून आहे, एवढं समजायचं. एक सिस्टर रोज माझे केस विंचरायची. एवढंसं काम, पण तेवढा वेळ मी पेशंट नसायची. तिच्या गळ्यात बारीक क्रॉस होता, वाकली की तो माझ्या कपाळाला लागायचा.

काचेपलीकडे मिलिंद दिसायचा. रोज त्याला कोपऱ्यातल्या खोलीत बोलवत, काही सांगत, तो मान हलवी, सही करी. कळमेश्वरच्या कंपनीत दिवसभर मशीनवर उभं राहून आलेला असायचा. अंगावर कंपनीचाच शर्ट. मला वाटे, मी इथे आहे ना रे, मला विचारा. पण मला कसं विचारणार? बोलायची वाटच नळीनं भरलेली.

एका भेटीच्या वेळेला सिस्टरनं माझे हात सोडले. मिलिंद आणि प्रज्ञा पलंगाच्या पायाशी उभे होते. मी सगळा जीव गोळा केला आणि हात उचलून जोडले. त्याच्याकडे पाहून जोडले. मला म्हणायचं होतं, पोरा, तुझ्या पाया पडते, काढ हे. बस झालं.

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पाहा ना! आई वंदना करून राहिल्या!"

आणि तिनं मोबाइल काढला, वंदना लावली, माझ्या कानाशी धरली. बुद्धं सरणं गच्छामि सुरू झालं. मिलिंदनं हात जोडले. प्रज्ञानं एका हातात मोबाइल धरून दुसरा छातीशी नेला. क्रॉसवाल्या सिस्टरनंही मान खाली घातली. शेजारच्या पलंगाचे नातेवाईकसुद्धा उभे राहिले. सगळ्यांचे डोळे भरलेले. माझेही भरले, म्हणून त्यांना आणखीच खात्री पटली.

एक्स्चेंजमध्ये चुकून दुसरीकडे कॉल जोडला गेला, तर निदान पलीकडचा माणूस राँग नंबर म्हणून ओरडायचा तरी.

पुढे ताप उतरला. नळी निघाली. मी घरी आले.

कीर्ती

घरी आले तो मी लेआउटभर, म्हणजे आमच्या सगळ्या वस्तीत, प्रसिद्ध झालेली होते. मशीनवर असतानाही त्रिशरण सोडलं नाही म्हणे! शेजारच्या शेवंताबाई मला पाहायला आल्या आणि माझ्याच पाया पडायला वाकल्या. मी पाय आखडून घेतले. वयानं त्या मोठ्या आहेत.

मिलिंद हीच गोष्ट सगळ्यांना सांगे. सांगताना त्याचा चेहरा उजळे. ते सगळे दिवस त्यानं त्या एका गोष्टीवर काढले होते. तिला धक्का लावायची माझी हिंमत झाली नाही.

मग पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही धुळीची ॲलर्जी घेऊन माणूस किती जगते?"

ते मिलिंदकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "त्याच्याकडे नका पाहू. धाप मले लागते."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. चांगला माणूस आहे, फक्त सवय वाईट. शांतपणे सांगितलं. मागच्या वेळी फुफ्फुसात थोडी जागा होती, म्हणून नळी निघाली. आता तेवढीही राहिलेली नाही. पुन्हा तसं झालं आणि नळी घातली, तर ती निघायची शक्यता फार कमी. "नक्की कोणीच सांगू शकत नाही, आजी."

"मग नका घालू," मी म्हटलं.

"आई, घरी बोलू," मिलिंद म्हणाला आणि उठलाच.

घरी बोलू

घरी कोणी बोलत नाही, हे मला माहीत होतं. मी विषय काढला की मिलिंद म्हणे, "तू तं मी लहान होतो तेव्हापासून मरून राहिली." प्रज्ञा म्हणे, "आई, चांगलं बोला." एकदा त्यानं मला पंचशीलच ऐकवलं. "पहिलं शील काय म्हणते? जीवहत्या करायची नाही. मंग?"

"मी कोणाची हत्या करायले लावून राहिली? सुई टोचून मारा म्हणलं का? ते आपल्याकडे कायद्यात बसतही नाही. श्वास थांबला का मशीन लावू नका म्हणलं."

"एकच झालं."

एकच नाही. पण हे मला नीट मांडता येईना, म्हणून विचारायला निघाले. विहारातल्या भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, "उपासिके, डॉक्टरांशी बोला." डॉक्टर म्हणाले, जिवंतपणीच लिहून ठेवायचं वैद्यकीय इच्छापत्र असतं, वकिलाला विचारा. वकील म्हणाला, दोन साक्षीदार आणि नोटरी केली की कागद होतो, पण ऐन वेळी दवाखाना घरच्यांकडेच पाहतो, तेव्हा मुलाशी बोला. आणि मुलगा म्हणे, आईले काही समजत नाही. कॉल फिरून पुन्हा माझ्याच बोर्डावर.

एका रविवारी तो माझ्या मशीनची जाळी धुवायला बसला होता. दर आठवड्याला धुतो, मला हात लावू देत नाही. पुन्हा तेच म्हणाला, "तुले जगायचं आहे वं. नळी घशात असून वंदना करून राहिली होती तू."

मी दमले होते. खोटं सांभाळायलाही श्वास लागतो.

"वंदना नव्हती ते," मी म्हटलं. "तुझ्या पाया पडून राहिली होती. काढ म्हणून."

जाळी त्याच्या हातात तशीच राहिली. पाणी ठिबकत होतं. मग म्हणाला, "मंग आतापर्यंत काहून नाही सांगतलं?"

"तुले बरं वाटत होतं म्हणून."

"अन् मी त्या दिवशी समजलो असतो, अन् काढली असती, तर आज तू नसती ना वं? हे बोलायलेही नसती."

खरंच होतं ते. त्यानंतर मी संत्र्याचा एक बहार खाल्ला, नातीचं दहावीचं पेढे वाटणं पाहिलं. ते सगळं त्याच्या चुकीच्या समजुतीमुळे मिळालेलं.

मी त्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली पायपुसणं सरकवलं. मग मला जे सुचलं, तेच आजही खरं वाटतं. मी म्हटलं, "त्या दिवशी तू बरोबर होता. मी घाबरलेली होती, हात बांधलेले होते, अन् फुफ्फुसात जागा होती. आज मी घाबरून नाही बोलत. चहा पिऊन बोलून राहिली. म्हणून त्या दिवशीचं नको ऐकू. आजचं ऐक."

त्यानं जाळी बसवली. मशीन सुरू करून पाहिली. निघताना दारात म्हणाला, "लोक म्हणतीन, पोरानं मायले मरू देलं. ते कोण ऐकन? मीच ना?"

तेव्हा समजलं, तो कशात अडकला होता. आणि ते मला आधी सुचलं नाही. दुसऱ्याची लाइन तोडणारी ती बया अजून पुरती गेलेली नाही.

दुरुस्ती

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पांढऱ्या साड्या नेसून बायका येतात. पौर्णिमेला खीर असते, तेव्हा गर्दी जास्त. मी मिलिंदला म्हटलं, मला घेऊन चल. त्यानं छोटा सिलिंडर उचलून पायऱ्या चढवला, माझ्या खुर्चीला टेकवला आणि स्वतः बाहेर चपलांजवळ जाऊन बसला.

वाचन झालं. शेवंताबाई उठल्या. "आपल्या सुलोचनाबाई आज आल्या. व्हेंटिलेटरवरही यायनं त्रिशरण सोडलं नाही. दोन शब्द बोला बाई."

मला उभं राहता येईना. बसूनच बोलले.

"बाई हो, एक दुरुस्ती आहे. मी वंदना नव्हती करत. पोराच्या पाया पडून राहिली होती, नळी काढ म्हणून."

शेवंताबाई खाली बसल्या. मी श्वास घेऊन पुढे गेले. "त्यानं काढली नाही. बरं केलं. म्हणून मी आज खीर खायले आली. पण आता डॉक्टर म्हणते, पुढच्या वेळी गेलेली नळी निघणार नाही. तर मी आज, शुद्धीत, सांगून ठेवून राहिली. नळी घालायची नाही. हे मी ठरवलं, मिलिंदनं नाही. उद्या कोणी म्हणलं का पोरानं मायले मरू देलं, तर त्यानं पहिले माझ्याशी बोलावं. मी नसली तर शेवंताबाईशी बोलावं."

"मी काहून वं?" शेवंताबाई दचकल्या.

"तुमचा आवाज मोठा आहे."

बायका हसल्या. हसणं ओसरल्यावर मागून एकीनं विचारलं, "अन् जीव घुसमटला तर? तसंच पाहत बसतीन का?"

"नाही. घाबरं होऊ नये, तडफड होऊ नये, याचं औषध देतात. विचारलं मी. डॉक्टर तसंच सोडून देत नाहीत."

"आमच्या घरी तं हे बोलूच देत नाही," दुसरी म्हणाली. "तोंड उघडलं का सून टीव्ही लावते."

मग त्यांचं आपसात सुरू झालं. कोणाचा नवरा, कोणाची जाऊ, कोण किती दिवस कुठल्या खोलीत होतं आणि सही कोणी केली. खीर थंड होऊन गेली. साक्षीदार मला तिथेच मिळाल्या, शेवंताबाई आणि टीव्हीवाली.

मिलिंद सिलिंडर न्यायला आत आला. "चाल, संपत येईन हा." गाडीत बसल्यावर म्हणाला, "सर्व्यायसमोर काहून सांगतलं, माझ्या पाया पडली म्हणून?"

"तुले कोणी बोलू नये म्हणून."

त्यानं गाडी सुरू केली. गाडी चालवताना तोंड लपवता येत नाही, नाहीतर त्यानं लपवलं असतं.

पुन्हा धंतोली

दिवाळीच्या आधी छाती पुन्हा भरली. ताप चढला, ओठ निळे झाले. तेच बाक, तीच केबिन. सिस्टर म्हणाली, "चला आजी, वजन करून घेऊ."

"वजन नंतर," मिलिंद म्हणाला. "पहिले बोलणं होऊ द्या. आईसमोर."

डॉक्टरांनी तपासलं आणि सवयीनं त्याच्याकडे वळले. "ॲडमिट करावं लागेल. पुढे गरज पडली तर काय करायचं, तुमचं काय म्हणणं आहे?"

"मले नका विचारू, डॉक्टरसाहेब. आईले विचारा." आणि तो उठून बाहेर बाकाकडे निघाला.

एवढं भांडून मिळवलेलं, आणि आता मी त्याच्या पाठीकडे पाहत होते. बावीस वर्षांची असते तर मोठं वाक्य टाकलं असतं. मला मुलाची बाही धरावीशी वाटत होती. सगळं लिहिलेलं होतं, साक्षीदार होते, नोटरी होती, तरी भीती होतीच. ती कागदानं जात नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझं वाचून कोणाला वाटेल की निर्णय झाला की माणूस शांत होतो. मी तर झाले नाही.

"सलाईन द्या," मी म्हटलं. "इंजेक्शन द्या. तो तोंडावरचा मास्कही लावा, कितीही घट्ट असो. सगळं करा. नळी नाही. अन् घुसमटली तर झोपेचं औषध द्या."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं, मला.

"अन् याले आत बसू द्या," मी म्हटलं. "बस गा. ऐकून घे."

तो दारातून परत आला, बसला. डॉक्टर पुढचं मला सांगत होते आणि तो ऐकत होता. त्याचा गुडघा हलत होता. मी त्यावर हात ठेवला, तेव्हा थांबला.

त्या वेळी मास्कवर निभावलं. म्हणून हे लिहिते आहे. पुढच्या वेळचं माहीत नाही.

पण त्या दिवशी, वॉर्डात नेण्याआधी वजन राहिलंच होतं. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेली होती, म्हणून मिलिंदनंच मला धरून काट्यावर चढवलं. खाली वाकून आकडा पाहिला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"लय कमी झाली वं तू," तो म्हणाला.

"हुडकेश्वरची धूळ," मी म्हटलं. "दुसरं काय?"

तो हसला. हसता हसता त्यानं एका हातानं भिंत धरली. दुसऱ्या हातानं मला धरलं होतं, ते सोडलं नाही.